मसुदा परत पाठवतोय

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला. 'रात्री दहानंतर चहा-नाश्त्याच्या गाड्या व टपऱ्या बंद ठेवाव्यात.' कारण काय, तर पोरं तिथं उशिरापर्यंत टवाळक्या करतात, अभ्यास बुडतो, घरचे काळजीत असतात. भाषा चोख आहे, शुद्धलेखनाची एक चूक नाही. नगरपरिषदेची मुख्याधिकारी होऊन तीन महिने झालेत, त्या मानानं फारच सुबक काम. तरी सही करू नकोस.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मीही असाच भाजीवाल्यांना शिस्त लावायला निघालो होतो. प्रत्येकानं निळा ॲप्रन घालायचा, नाहीतर दंड. ग्राहकांचं आरोग्य, शहराची शोभा, सगळं टिपणीत झोकात लिहिलं. महिन्याभरानं निरीक्षकाला घेऊन मंडईत गेलो. ज्या गाडीसमोर जावं तिथं निळा ॲप्रन हजर. मी खूश. चालता चालता एका खिशावर हळदीचा डाग दिसला. पाच गाड्या पुढं तोच डाग. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा माझी ट्यूब पेटली. आम्ही सरकू तसे मागचे ॲप्रन गाड्यांखालून पुढं पोचत होते! चाळीसेक गाड्या आणि ॲप्रन मोजून सहा. दंड झाला तो एकीलाच. आठवडी बाजाराला खेड्यातून येणारी म्हातारी होती, पोत्यावर कोथिंबिरीच्या चार जुड्या मांडून बसलेली. तिला या साखळीत कुणी घेतलंच नव्हतं. पावती माझ्यासमोर फाटली आणि मी काही बोललो नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं तर आपला दारूबंदी कायदा घे. १९४९चा, मुंबई प्रांताचा. हेतूत खोट नव्हती. दारूनं धुळीला मिळालेली घरं त्या पिढीनं पाहिली होती, मीही पाहिली आहेत. पण झालं काय? मुंबईत आंटीचे अड्डे, म्हणजे घरात चालणारे चोरट्या दारूचे गुत्ते, चालू झाले, हातभट्टीवाले गब्बर झाले. बलसारा नावाच्या गृहस्थांनी तर व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-डी-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटर बाळगण्याचा हक्क मागितला. अंगाला लावायच्या अत्तरासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात! १९५१मध्ये निकाल लागला. औषधं आणि प्रसाधनं सुटली, दारू अडकली.

पुढं सरकारनं ढील दिली, कायदा मात्र तसाच ठेवला. महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. कायद्यात एक कलम तर चक्क 'आरोग्य परवान्या'चं आहे. दुकानाच्या काउंटरखाली एका दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक असतं. गिऱ्हाईक ते मागत नाही आणि दुकानदारही सहसा आपणहून देत नाही. वयाची अट बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५. अठराव्या वर्षी सरकार निवडायचं, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढायचं, पण आपल्याच लग्नाच्या पार्टीत पेग घेतला तर गुन्हा. म्हणजे अर्धं गाव कागदोपत्री गुन्हेगार, आणि त्यातला धरायचा कुणाला, ते त्या रात्री नाक्यावर ज्याची ड्युटी असेल तो ठरवणार.

सोन्याचंही तेच. चीनच्या युद्धानंतर, १९६३च्या जानेवारीत, १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली. सोनारकाम करणारी घरंच्या घरं देशोधडीला लागली आणि चोरटं सोनं किनाऱ्यावर उतरत राहिलं. सुवर्ण नियंत्रण कायदा गेला तो १९९०मध्ये. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली ती एका वेळी वर्षभराचीच घालता येते, म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो. किती पाळला जातो ते बघायला लांब जाऊ नकोस, तुझ्याच कार्यालयाच्या जिन्याचा कोपरा बघ.

तू म्हणशील, काका, मग नियमच नकोत का? तसं नाही. २ ऑक्टोबर २००८ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली तेव्हा मी स्वतः ओढणारा होतो, भरपूर कुरकुरलो. पण तो नियम बराचसा रुजला. धूर शेजारच्याच्या नाकात जातो, तोच डोळे वटारतो, पोलिसाची फारशी गरज पडत नाही. (हेल्मेटवरून आपलं भांडण आहे, ते राहू दे.)

तुझ्या टपऱ्यांचा धूर कुणाच्या नाकात जातो, सांग. आवाजाचा त्रास असेल तर ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००पासून आहेत. रस्ता अडत असेल तर अतिक्रमण म्हणून बघ. अभ्यास बुडतो हा पोरांचा आणि त्यांच्या आईबापांचा विषय, नगरपरिषदेचा नव्हे. आणि दुकान किती वाजता मिटायचं हे १९४८च्या दुकानं-आस्थापना कायद्याखाली सरकार ठरवायचं. २०१७च्या नव्या कायद्यानं चोवीस तास उघडं ठेवायची मुभा दिली. मंत्रालयानं एवढ्या वर्षांनी सोडलेली गाठ तू तालुक्यात पुन्हा कशाला मारतेस?

एक कर. या आठवड्यात रात्री साडेअकराला एसटी स्टँडसमोरच्या गाडीवर जा. सरकारी गाडी नको, बरोबर शिपाई नको. कोण चहा पितंय ते बघ. सरकारी दवाखान्यात पेशंटपाशी थांबलेले असतील, मुक्कामी गाडी आणलेले ड्रायव्हर-कंडक्टर असतील, एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट सुटलेली पोरं असतील. दोन-चार टवाळखोरही असतील, नाही कशाला म्हणू. मग तुला काय वाटतं ते लिहून कळव. मसुदा सोबत जोडलाय. त्याची मागची बाजू कोरीच आहे, तिथं पेन्सिलीनं लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
काका