लिंबू हळद पिवळी करते की लाल?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचे मसाल्याचे दुकान आहे. हळदीचे हात साबणाने धुतले की लाल दिसतात आणि लिंबू चोळले की पुन्हा पिवळे होतात. पण आई घरी कुंकू करताना हळकुंडांना सवागी (टाकणखार) आणि लिंबाचाच रस लावून वाळवीत असे, आणि ती मात्र लाल होत. मग लिंबू नेमके करते काय? बारावीतली मुलगी म्हणते की उत्तर ऑर्बिटलमध्ये आहे. ते आम्हाला कळेल असे सांगावे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. आपण पाहिलेले लाल रंग दोन आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या ज्या अवस्थांत असतात, त्यांना ऑर्बिटल म्हणतात. दोन अणूंची ऑर्बिटल एकमेकांवर आली की त्यांच्या मेळातून दोन नवी तयार होतात : एक खालच्या ऊर्जेचे, जे बंध बांधते, आणि एक वरच्या ऊर्जेचे, ज्यात इलेक्ट्रॉन गेल्यास तोच बंध सैल होतो. हळदीतल्या करक्युमिनच्या रेणूत दोन बेंझीन वलये सात कार्बनांच्या साखळीने जोडलेली असतात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ऑर्बिटलांचा हा मेळ जवळजवळ अखंड चालतो. मेळ जितका लांबवर जाईल तितक्या ऊर्जेच्या पायऱ्या दाटीने बसतात, आणि भरलेल्यांपैकी सर्वांत वरची पायरी व रिकाम्यांपैकी सर्वांत खालची पायरी यांच्यातले अंतर घटते. रसायनशास्त्रात या दोन पायऱ्यांना अनुक्रमे होमो आणि लुमो म्हणतात. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन होमोतून लुमोत चढतो; अंतर जितके कमी, तितक्या लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याला पुरतो. एकच दुहेरी बंध असलेले इथिलीन 170 नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषते, दोन दुहेरी बंधांचे ब्युटाडाईन 217 नॅनोमीटरचा, तर करक्युमिन सुमारे 425 नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश शोषते. तो वजा झाल्यावर डोळ्यांना दिसते ती हळदीची पिवळाई.

आता साबण. साबण किंवा चुन्याची निवळी अल्कधर्मी असल्यामुळे करक्युमिनच्या टोकाच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन निघून जातो. त्या ऑक्सिजनवर ऋणभार राहतो, त्याच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा चढते, ते शेजारच्या वलयात अधिक जोमाने मिसळतात आणि होमो वर ढकलला जातो. अंतर कमी झाले, शोषण लांब तरंगलांबीकडे सरकले, हात तांबडे दिसले. लिंबाने तो हायड्रोजन परत दिला की सगळे पूर्ववत होते. मात्र लिंबू लगेच पिळावे, कारण अल्कधर्मी पाण्यात करक्युमिन मिनिटांच्या हिशेबाने विघटित होते आणि मग परत येण्यासारखे फारसे उरत नाही.

आपल्या आईंच्या कुंकवात सूत्रधार सवागी आहे, लिंबू नव्हे. सवागीत बोरॉन असतो, आणि लिंबातल्या आम्लामुळे तो बोरिक आम्लाच्या रूपात मोकळा होतो. या बोरॉनचे एक ऑर्बिटल रिकामेच असते. करक्युमिनच्या साखळीत मधोमध दोन ऑक्सिजन आहेत; त्यांच्याकडच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्या रिकाम्या जागेशी जुळतात आणि बोरॉन दोघांना चिमट्यासारखा धरून बसतो. त्यामुळे साऱ्या साखळीतले इलेक्ट्रॉन मध्याकडे ओढले जातात आणि लुमो खाली येतो. साबणाने वरची भरलेली पायरी उचलली होती. बोरॉनने वरची रिकामी पायरी खाली आणली. अंतर दोन्हीकडे घटले, म्हणून रंग दोन्हीकडे लाल. पाण्यातल्या बोरॉनचे प्रमाण ठरवण्याची एक पद्धत याच रंगावर आधारलेली असून त्यात मोजणी 540 नॅनोमीटरवर करतात.

हे घरी पाहता येते. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद कालवून गाळण कागदाची पट्टी रंगवावी व वाळू द्यावी. तिच्यावर सवागीचे पाणी टाकले की पट्टी आधी तांबूस होते, कारण सवागी स्वतः अल्कधर्मी आहे. लिंबू पिळताच ती पिवळी पडते, आणि येथेच बहुतेक जण पट्टी टाकून देतात. ती टाकू नये. पाणी उडून जाईल तशी बोरॉनची पकड बसते आणि लाली हळूहळू वर येते. आई हळकुंडे वाळवीत असत, त्याचे मर्म यात आहे. वाळलेल्या लाल पट्टीवर चुन्याची निवळी टाकल्यास ती काळपट हिरवी होते, म्हणजे हा लाल वेगळा, याची खात्री पटते. हा प्रयोग विकतच्या कुंकवावर मात्र करू नये. त्यात अनेकदा कृत्रिम रंग असतो.

होमो आणि लुमो यांच्यावर केवळ रंग नव्हे, तर कोणता रेणू कोणाशी आणि कोठे जुळेल हेही बऱ्याच अंशी अवलंबून असते, हा विचार जपानचे केनिची फुकुई यांनी 1952 मध्ये मांडला. 1981 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना व रोआल्ड हॉफमन यांना विभागून मिळाले. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तोही याच हिशेबाने. प्रकाश शोषताच होमोमधला एक इलेक्ट्रॉन लुमोत जातो. असा रेणू इलेक्ट्रॉन देण्यास व घेण्यासही अधिक तयार असतो, त्याचे काही बंध सैल झालेले असतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने साखळी तुटून व्हॅनिलिनसारखे लहान, बिनरंगी तुकडे होतात. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत आपल्याला ठाऊक असेलच. तिथे उजेड पोहोचत नाही, त्यामुळे रंग उडण्याची निदान ही एक वाट बंद राहते.