तुपाच्या भावात कॉम्प्युटर
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अमळनेरचा निवृत्त शिक्षक. शेताचा एक तुकडा विकला, त्यातले सहा लाख अजून बँकेत पडून आहेत. पुण्याचा मुलगा म्हणतो, टेस्ला या अमेरिकेतल्या विजेच्या गाड्यांच्या कंपनीचे शेअर घ्या आणि वीस वर्षं विसरून जा. आमच्या गल्लीत विप्रोचे शेअर सांभाळून ठेवणाऱ्या घराचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वडिलांनी तेव्हा घेतले नाहीत, ती चुटपुट घरात अजून आहे. तीच चूक आता माझ्या हातून होऊ नये, म्हणून विचारतो. — एक वाचक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, अमळनेरहून आलेल्या पत्रात विप्रो नसेल तर मी पाकिटावरचा शिक्का पुन्हा बघतो. पण ती गोष्ट आपण सगळे अर्धीच सांगतो. 1945 साली तुमच्या गावात उभी राहिली ती वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, हीच पुढची विप्रो. काम काय, तर तेल आणि वनस्पती तूप. पुढे कपड्याचा साबण. ज्यांनी तेव्हा शेअर घेतले त्यांनी तेलाच्या कारखान्याला साजेल एवढेच पैसे मोजले. 1966 मध्ये वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परत आले, आणि ऐंशीच्या दशकात कंपनी कॉम्प्युटरकडे वळली. हे वळण शेअर घेणाऱ्या एकाच्याही हिशेबात नव्हतं, त्यामुळे त्याचे पैसेही कोणी दिले नव्हते. तुपाच्या भावात कॉम्प्युटर मिळाला, सगळी कमाई तिथे आहे. (आणि मधेच मुलीच्या लग्नाला, विहिरीला शेअर विकून टाकणाऱ्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. तीही घरं तुमच्याच गावात असतील.)

आता टेस्लाचा भाव बघा. 2024 या वर्षात कंपनीला सुमारे 709 कोटी डॉलर नफा झाला. त्या वर्षअखेरीला बाजार तिची किंमत करत होता साधारण 1 लाख 30 हजार कोटी डॉलर. म्हणजे नफ्याच्या 180 पट. जळगावच्या दाणा बाजारात सगळा खर्च जाऊन वर्षाला एक लाख उरणारं दुकान विकायला निघालं आणि मालकाने एक कोटी ऐंशी लाख मागितले, तर तुम्ही आधी विचाराल, आत धन पुरलंय का? मालक सांगतो, आज मी गाड्या विकतो, पण उद्या इथे रोबो विकणार आणि बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चालवणार. हे सगळं हवेतलं आहे असंही नाही. जून 2025 मध्ये ऑस्टिन शहरात त्यांची टॅक्सी रस्त्यावर आली, सुरुवातीला बाजूच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. ऑप्टिमस नावाच्या रोबोवर काम चालू आहे. उद्या हे सगळं खरंही होईल. पण तुमच्या गल्लीतल्या त्या घराने कॉम्प्युटरचे पैसे दिले नव्हते, आणि तुमचा मुलगा रोबोचे पैसे आजच द्यायला निघालाय.

मग गाडीच्या धंद्याचं काय? तो आटतोय. 2020 मध्ये टेस्लाने जेमतेम पाच लाख गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. 2023 मध्ये तोच आकडा 18 लाखांवर गेला. 2024 मध्ये पहिल्यांदा थोडा उतरला आणि 2025 मध्ये सुमारे 16 लाख 36 हजारांवर आला. जानेवारी 2023 पासून कंपनीने गाड्यांचे भाव पाडायला सुरुवात केली. 2022 मध्ये शंभर रुपयांच्या विक्रीत माल बनवायचा खर्च वजा जाता पंचवीस रुपये साठ पैसे राहत होते, 2024 मध्ये अठराही राहिले नाहीत. संशोधन, कचेरी, कर हे सगळं त्यातूनच.

एक गोष्ट मुलाने तुम्हाला बहुतेक सांगितलेली नसेल. ज्या कंपन्या पुरेशा स्वच्छ, म्हणजे कमी धुराच्या, गाड्या विकत नाहीत त्यांनी दुसऱ्याकडून क्रेडिट, म्हणजे नियम पाळल्याचे गुण, विकत घ्यावीत, असे नियम अमेरिकेत होते, इतरत्र अजून आहेत. टेस्लाला क्रेडिट बनवायला वेगळा खर्च नाही, त्यामुळे आलेला पैसा जवळपास सगळा नफाच. 2020 मध्ये कंपनीने पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला, 72 कोटी डॉलर. क्रेडिट विकून आलेले होते 158 कोटी. आपल्याकडे रुईपेक्षा सरकीवर तगलेली जिनिंग असते ना, तसला प्रकार. 2024 मध्येही या वाटेने 276 कोटी डॉलर आले. मग जुलै 2025 च्या अमेरिकी कायद्याने मायलेजचा नियम मोडणाऱ्यांचा दंडच शून्यावर आणला. दंड नाही तर तिथे क्रेडिट कोण कशाला घेईल? गाडी घेणाऱ्याला मिळणारी 7,500 डॉलरची करसवलतही 30 सप्टेंबर 2025 ला संपली.

हे सगळं वाचून मी या कंपनीचा दुस्वास करतो असं वाटेल, म्हणून माझीच एक फजिती सांगतो. 2019 साली याच पानावर मी एकाला ठणकावून लिहिलं होतं की ही कंपनी टिकायची नाही. माझ्याकडे कारणं होती. 2018 मध्ये मॉडेल 3 वेळेवर निघेना म्हणून त्यांनी कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून त्यात गाड्या जोडल्या. दिवाळखोरी महिन्याभरावर आली होती, हे कंपनीचा प्रमुख इलॉन मस्क याने नंतर स्वतः कबूल केलं. 31 वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासलेला माणूस मी, असलं प्रकरण पहिल्याच पानावर नामंजूर केलं असतं. पुढच्याच वर्षी कंपनी नफ्यात आली आणि शेअर कुठच्या कुठे गेला. त्या वाचकाने मला ते कात्रण परत पाठवलं, ‘टिकायची नाही’ या दोन शब्दांखाली लाल रेघ मारून. अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

म्हणून ‘घेऊच नका’ असं मी म्हणत नाही. सहा लाखांतले साठ हजार मुलाच्या हौसेला द्या, बाकीच्याला हात लावू नका. आणि घेतलेच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. परदेशी शेअर असले की आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, एकच शेअर असला तरी; पेन्शनवाले हे हमखास विसरतात. दुसरं, 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो, त्यानंतर विकलं तर साडेबारा टक्के कर. लाभांशाची वाट बघू नका, या कंपनीने आजवर एक पैसा वाटलेला नाही.

प्रश्न : चीनच्या बीवायडीने टेस्लाला मागे टाकलं असं वाचलं. मग टेस्लाऐवजी तीच का नको? नाहीतर आपले टाटा-महिंद्र? मी दालमिलमध्ये हिशेब बघते, दरमहा पाच हजार बाजूला पडतात. — एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, मागे टाकलं हे खरं. 2025 मध्ये बीवायडीने निव्वळ बॅटरीवरच्या साडेबावीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या. ही कंपनी गाडीवाल्यांची नव्हेच. 1995 मध्ये सुरू झाली ती मोबाइलच्या बॅटऱ्या बनवायला. विजेच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि ती यांच्या घरची. बाकीचे बाजारातून दाणे आणून डाळ करतात, यांचं स्वतःचं शेत आहे. अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या कंपनीने 2008 मध्ये यात 23 कोटी डॉलर घातले, 2022 पासून विकायला सुरुवात केली आणि कित्येक पट पैसा काढून घेतला.

पण तुमच्या चोपड्या-यावलकडे केळीचं जे होतं तेच तिकडे गाड्यांचं झालंय. एका साली भाव चढला की दुसऱ्या साली जो तो केळीच लावतो, आणि घड तयार होईपर्यंत व्यापारी दोन-तीन रुपये किलोवर येतो. झाड उत्तम, घड उत्तम, मालकाच्या हातात काही नाही. चीनमध्ये डझनांनी कंपन्या विजेच्या गाड्या काढतात, आणि मे 2025 मध्ये भाव पाडण्यात बीवायडीच पुढे होती. बाहेर पाठवायला जावं तर अमेरिकेने 2024 मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर शंभर टक्के शुल्क लावलं. युरोपने त्याच वर्षी नेहमीच्या दहा टक्क्यांवर बीवायडीला आणखी सतरा टक्के. शेअर हाँगकाँग आणि शेन्झेनच्या बाजारात, दरमहा पाच हजारवालीने तिकडची यातायात करू नये असं माझं मत.

आपल्याकडे काय? टाटांनी जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉनची विजेची गाडी आणली आणि बरीच वर्षं मैदानात तोडीचं दुसरं कोणी नव्हतंच. विकल्या जाणाऱ्या शंभर विजेच्या गाड्यांत सत्तरहून जास्त त्यांच्या असत. मग एमजीने सप्टेंबर 2024 मध्ये विंडसर आणली, बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे द्यायची सोय करून. महिंद्रच्या दोन गाड्या त्या नोव्हेंबरात आल्या. टाटांचा वाटा निम्म्याखाली गेला. त्यात सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर उतरला. विजेच्या गाडीला आधीपासून पाचच टक्के, पण मधलं अंतर कमी झालं ना. आणि टाटा काय, महिंद्र काय, त्यांच्या शेअरमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही येतात. मला ते वाईट वाटत नाही. एक पीक बुडालं तर दुसरं असतं. टाटांचा शेअर घेताना नाव नीट वाचा, ऑक्टोबर 2025 मध्ये कारचा धंदा आणि ट्रकचा धंदा वेगळे झालेत. एकट्या विजेच्या गाडीवर पैसा लावायची एवढी घाई असेल तर एक जुनी फाईल सांगते ते ऐका.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या शाखेने एका विक्रेत्याला ई-रिक्षांसाठी कर्ज दिलं. मीच शिफारस केली होती. पहिल्या वर्षी रिक्षा हातोहात गेल्या, दारापुढे हार घातलेल्या गाड्यांची रांग. दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटऱ्या बसल्या. नवीन संचाची किंमत ऐकून चालकांनी रिक्षा आणून विक्रेत्याच्या दारात उभ्या केल्या, चाव्या तशाच लावून. बनवणाऱ्या कंपनीचा फोन लागेना. जप्तीला आम्ही गेलो तेव्हा आवारात सत्तावीस रिक्षा होत्या, आणि एकीतही बॅटरी नव्हती. शिसं काढून भंगारवाल्याने आधीच तोलून नेलं होतं. सगळ्या व्यवहारात रोख पैसा दोघांनाच सुटला, बॅटरी विकणाऱ्याला आणि भंगारवाल्याला. आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्यात, त्या किती तरी बऱ्या. पण कंपनीचं पुस्तक हातात आलं की मी अजून पहिल्यांदा तेच शोधतो, की बॅटरी कोणाची आणि बिघडली तर पैसे कोणाच्या खिशातून. वॉरंटीसाठी किती रक्कम बाजूला काढली ते वार्षिक अहवालात छापलेलं असतं. तुम्ही हिशेब बघता, तुम्हाला ते पान सापडेल.

पाच हजारांचं म्हणाल, तर साध्या निर्देशांकाच्या फंडात टाका, म्हणजे बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या इंडेक्स फंडात. महिंद्रही त्यात.

प्रश्न : शेअर राहू द्या. गाडीच घेऊ का? रोज रावेर-जळगाव ये-जा आहे. — एक वाचक, रावेर

उत्तर : घरी अंगणात गाडी उभी राहत असेल आणि मीटरपासून तिथपर्यंत वायर नेता येत असेल तर घ्या. रोजची ये-जा ठरलेली, रात्री चार्ज करायचं, हिशेब बसतो. टेस्लाचा विचार असेल तर सोडा. जुलै 2025 मध्ये मुंबईत शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वाय साठ लाखांच्या घरात होती, आयात शुल्कच एवढं.

माझा पुतण्या धुळ्याला असतो, दोन वर्षं विजेची गाडी चालवतो. घरच्या विजेवर त्याला किलोमीटरला दीड रुपया पडतो, डायरीत लिहून ठेवलंय. गेल्या मे महिन्यात मी त्याच्याबरोबर जळगावहून निघालो. दुपारी दीडला हायवेवरच्या चार्जरला गाडी लावली. यंत्रावर चार्जिंगचा वेग 50 किलोवॅट लिहिलेला, पडद्यावर आकडा 41, मग 33, मग 28. बॉनेटखाली पंखा असा घोंघावत होता की ढाब्यावरचा पोऱ्या बघायला आला. डांबर चपलेला चिकटत होतं. मी विचारलं, बिघडली का रे? तो शेवभाजीत भाकरी चुरत म्हणाला, “आप्पा, उन्हायामा तिलेबी ऊन लागस.”

चाळीस मिनिटांचं काम दीड तासावर गेलं. आता उन्हाळ्यात तो पहाटे पाचला निघतो.