गल्लीतलं हॉटेल हाती घेताना

अनेक आशीर्वाद.

परळच्या गाळ्याचा करार झाला, फार आनंद वाटला. मेन्यूकार्ड छापायची घाई मात्र नको. आधी आठवडाभर पहाटे साडेपाचपासून गाळ्यासमोर उभं राहून कोण येतं-जातं ते वहीत टिप. पेपरवाले दिसतील, रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्स दिसतील, केईएम आणि टाटाला आलेल्या पेशंटचे नातेवाईक दिसतील. या शेवटच्या लोकांना मऊ भात, बिनतिखटाचं वरण आणि बाटलीभर गरम पाणी लागतं. पाण्याचे पैसे घेऊ नकोस.

सहाचा चहा सहालाच मिळाला पाहिजे. दोनदा शटर बंद दिसलं की माणूस दुसरं हॉटेल धरतो.

मिसळीला किलोभर कोरडी मटकी आठ-दहा तास भिजव. मोड आल्यावर ती दोन किलोच्या वर भरते, त्यात तीसेक प्लेटी निघतात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत गच्च बांधलेलं गाठोडं चिकट होऊन वास मारतं. तेव्हा मटकी निथळून ओल्या फडक्यावर पातळ पसरायची. वड्याच्या कढईतला बेसनाचा चुरा दर घाण्याला झाऱ्याने काढ. तो जळतो आणि तेल काळं करतो. रोजच्या गिऱ्हाइकाच्या जिभेला हे तुझ्याआधी कळतं. हाफ प्लेट ठेवच, एकट्या म्हाताऱ्या माणसाला पूर्ण प्लेट संपत नाही.

आता उधारी. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणीच्या पगारापर्यंत कामगारांना उधारीवर जेवू घालायच्या आणि किराण्यासाठी स्वतः सावकाराच्या व्याजात अडकायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा वही उघडण्याआधी दीड महिन्याच्या किराण्याचे पैसे बाजूला काढून ठेव. एका माणसाची उधारी आठवड्यापलीकडे नको. रक्कम फुगली की तो लाजेने गल्लीच बदलतो, पैसेही जातात आणि माणूसही. आठवण गल्ल्यावर चारचौघांत कधीच करू नकोस. त्यापेक्षा तीस जेवणांची कुपनं आगाऊ विक, मुदत दोन महिने ठेव. गणपतीला गावी गेलेल्याची कुपनं वाया जाता कामा नयेत.

चिमणीचं तोंड कुठे निघतं ते लगेच कळव. वरच्या मजल्याशी पहिलं भांडण धुरावरूनच होतं.