करिअर मार्गदर्शन : रक्तवाहिन्यांचा अभ्यास करून पोट भरेल काय?

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेले आपले पत्र वाचले. आपली मुलगी बारावी विज्ञानाला आहे. अम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू झाल्यापासून तिच्या आजीच्या पायांवर सायंकाळी सूज येते, ती का येते हे शोधता शोधता तिला रक्तवाहिन्यांतील आयन चॅनेलची (म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखे विद्युतभारित कण पेशीच्या आत-बाहेर जाऊ देणाऱ्या सूक्ष्म दारांची) गोडी लागली, आणि आता तिला याच विषयात पुढे शिकायचे आहे. नातेवाईक मात्र वावर गहाण टाका पण एक वर्ष नीटचा क्लास लावा, असे सांगत आहेत. या विषयावर पोट भरेल काय, असे आपण विचारले आहे. भरेल, परंतु वेळ लागेल, आणि जीवशास्त्राइतकेच मन लावून भौतिकशास्त्र करावे लागेल.

हा विषय काय आहे हे घरात सर्वांना कळावे, म्हणून आधी थोडे त्याविषयी लिहितो. लहान धमन्यांच्या भिंतीत अरेखित (आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या) स्नायूंच्या पेशी वेढा घालून बसलेल्या असतात. त्या आकसल्या की वाहिनी अरुंद होते, आणि वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला रक्ताचा प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. या पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण 40 ते 60 मिलिव्होल्टने ऋण असतो. हा फरक कमी झाला की पेशीपटलातील कॅल्शियमचे चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि स्नायू आकसतो. पोटॅशियमचे चॅनेल उघडले की उलट घडते : पोटॅशियम बाहेर जाते, आतला भाग अधिक ऋण होतो, कॅल्शियमचे चॅनेल मिटतात आणि वाहिनी सैल पडते. अम्लोडिपिन कॅल्शियमचे चॅनेल रोखते. मात्र केशिकांच्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या) अलीकडच्या धमनिका त्याने जितक्या सैल होतात तितक्या पलीकडच्या शिरा होत नाहीत, म्हणून केशिकांतील दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपते आणि पाय सुजतात. मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता. गोळी मात्र घरच्या घरी बंद करू नये. सूज डॉक्टरांना दाखवावी.

1995 साली असे आढळले की याच पेशींच्या आत, पटलालगत, कॅल्शियमच्या अगदी छोट्या ठिणग्या उडतात आणि त्या शेजारचे मोठे पोटॅशियम चॅनेल उघडून वाहिनी सैल करतात. म्हणजे कॅल्शियम सर्व पेशीत पसरले तर स्नायू आकसतो, आणि तेच एका कोपऱ्यात क्षणभर उसळले तर सैल पडतो. हे मला आजही विलक्षण वाटते. या पोटॅशियम चॅनेलचा एक घटक नसलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला राहतो, हे 2000 साली दिसून आले.

याच चॅनेलला नेमके बंद करणारे एक द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात, आणि त्याचे मूळ आपल्या धुऱ्यावर आहे. दगड उचलताना निघणाऱ्या लाल विंचवाच्या विषातून ते 1990 साली वेगळे केले गेले. आयबेरिओटॉक्सिन हे त्याचे नाव. 37 अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी आहे. विंचू चावल्यावर माणूस दगावतो तो मुख्यतः विषातील दुसऱ्या घटकांमुळे. ते मज्जातंतूंचे सोडियम चॅनेल उघडे ठेवतात, त्यामुळे वाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन देऊन असंख्य जीव वाचवले. ग्रामीण भागातल्या प्रश्नातून पहिल्या प्रतीचे संशोधन उभे राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता भौतिकशास्त्राचा आग्रह का, ते सांगतो. एकेका चॅनेलमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्यासाठी सुमारे एक मायक्रोमीटर तोंडाची काचेची नळी पेशीला चिकटवतात. या तंत्रासाठी एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांना 1991 चे नोबेल मिळाले, आणि नेहर हे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. विद्युतदाब आणि रोध ज्याला नीट समजत नाही, त्याला या प्रयोगातले आलेख वाचता येत नाहीत.

नीटची परीक्षा तिने अवश्य द्यावी. परंतु डॉक्टर होण्याची ओढ तिला नसताना, केवळ लोक म्हणतात म्हणून जमीन गहाण टाकून वर्ष घालवणे मला पटत नाही. तिने आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची) प्रवेश परीक्षा द्यावी. बारावीला गणित नसले तरी अर्ज करता येतो. मात्र प्रश्नपत्रिकेत गणितासह चारही विषय असतात, तेव्हा गणिताची तयारी आतापासून हवी. तिथे जमले नाही तर आपल्या घरच्या परिस्थितीत साध्या बी.एस्सी.पेक्षा बी.फार्म. मला अधिक योग्य वाटते, कारण पदवी हाती आली की औषध कंपनीत, दवाखान्यात किंवा स्वतःच्या दुकानात काम मिळू शकते आणि संशोधनाची वाटही उघडी राहते. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी आणि अमरावतीचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय पसंतीक्रमात वर ठेवावे. पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन औषधगुणशास्त्रात (औषध शरीरात कसे काम करते या विषयात) एम.फार्म. करता येते. तिथे उंदराच्या महाधमनीची कडी 37 अंशांच्या द्रावणात टांगतात, द्रावणातले पोटॅशियम वाढवले की पेशीतले पोटॅशियम बाहेर जायला अडते आणि ती आवळते, आणि आजीच्याच गोळीच्या जातीचे औषध टाकले की सैल पडते, हे तिला डोळ्यांनी पाहता येईल. पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि नंतर 42,000 रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. मात्र पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात आणि त्यानंतरही कायमची नोकरी लगेच मिळेलच असे नाही. लग्नाची घाई करणाऱ्यांना ही गोष्ट आपणच आधी समजावून सांगावी.

तूर्त दोन कामे करावीत. जातीचे आणि नॉन-क्रीमीलेअरचे दाखले लागू असल्यास आताच काढून ठेवावेत, कारण ऐन प्रवेशाच्या वेळी त्यावाचून जागा हातची जाते. आणि मुलीने अकरावीचे भौतिकशास्त्र व गणित पुन्हा काढून, कुठे अडते ते एका कागदावर लिहून मला पाठवावे. त्यावरून तिचे पुढचे वेळापत्रक ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक