एका टॅपच्या रोलर कोस्टर गेममध्ये माथ्यावर गाडी रुळावरून का उडते?

बोट उशिरा उचलता म्हणून. दाबलं की वेग, सोडलं की ब्रेक, अशा गेममध्ये बोट माथ्यावर नव्हे, साधारण निम्मा चढ सरतानाच उचलायचं. माथ्याच्या वळणाची त्रिज्या १० मीटर धरली तर सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास गाडीचा भार रुळावर पडेनासा होतो. त्यापुढे ती सुटतेच. त्रिज्या चौपट केली तर ही मर्यादा दुप्पट होते, म्हणून घात करतात त्या टोकदार टेकड्या. (खऱ्या कोस्टरला रुळाच्या खालच्या बाजूनेही चाकं असतात, गेमवाले ती सोयीस्करपणे विसरतात.) उतार लागला की पुन्हा दाबा. लूपमध्ये, म्हणजे रूळ उभं वर्तुळ घेतो आणि गाडी उलटी होते तिथे, मात्र उलटं: तिथे वेग कमी पडला की गाडी वरून कोसळते, तेव्हा तळाशी शिरण्याआधीपासूनच दाबून ठेवा.