दम आहे, पण पाय?

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. तीनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, वेळेत संपवणारी तू पाच किलोमीटर पळून नडगी धरून बसलीस. वर विचारतेस, ‘सायकलचा काही उपयोगच नाही का? बंद करू का?’ मुळीच नको. सायकल बंद कर असं सांगणारे मलाही भेटले होते. त्यांच्या नादाने अख्खा हिवाळा सायकल चादरीखाली ठेवली, त्याची हळहळ अजून आहे.

सायकलने तुला दम दिलाय. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मांड्यांना तासन्‌तास काम करायची सवय आहे. पळताना हे सगळं सोबत येतं. येत नाही ती नडगी, घोटा आणि टाचेमागची शीर. सीटवर तुझं वजन सायकल पेलते. पळताना मात्र प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकाच पायावर पडतो. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं महिने घेतात. म्हणून पळायचं ते पायांच्या हिशेबाने, दमाच्या नाही.

नावाजलेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग 2006 मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन पळाला. उत्तेजक औषधांची भानगड बाजूला ठेव, पण तसला दम किती जणांकडे असतो? वेळ आली 2:59:36, तीही नडग्या ठणकत. उलटं उदाहरण कॅनडाच्या मायकेल वुड्सचं, तो आधी धावपटू होता. 2005 मध्ये तो चार मिनिटांच्या आत मैल पळला, पुढे पायाच्या हाडाला पुन्हा पुन्हा चिरा गेल्या आणि तो सायकलकडे वळला. 2023 मध्ये टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला. दम तोच होता गं, पायांनी दगा दिला!

आता नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली ने. लांबच्या लांब पट्टा दुखत असेल, तर पळणं निम्म्यावर आण. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल किंवा एका पायावर उडी मारताना दुखत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर. मला मेसेज करत बसू नकोस.

दुखणं थांबलं की एक दिवसाआड वीस मिनिटं, मध्ये मध्ये चालत. बाकी सगळा घाम सायकलवर गाळ. पेडलचे मिनिटाला नव्वद फेरे तुझ्या अंगात मुरलेत. तोच ठेका पावलांना दिलास तर दोन्ही पायांची मिळून मिनिटाला एकशेऐंशी पावलं होतात, पाऊल आखूड राहतं, धक्का कमी बसतो. घड्याळातले सायकलचे हार्ट रेट झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, मात्र इथे लावू नकोस, पळताना ठोके जास्तच दिसतात.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन यंदाच हवी म्हणतेस. यवतेश्वरचा चढ तू दमावर काढशील, पण उतारावर मांड्यांना पावलागणिक ब्रेक मारावा लागतो आणि सायकलवर ती सवय लागतच नाही. यंदा नाव देऊ नकोस. सांगितलं ना, पायांच्या हिशेबाने.

आमच्या ग्रुपमध्ये मी मध्येच चालतो म्हणून पोरं हसतात. हसू देत. त्यातली निम्मी पावसाळ्यात फिजिओकडे रांगेत असतात, मी रस्त्यावर असतो. हे भित्रेपण नाही, आणि असलं तरी मला चालतं.

मंगळवारी वीस मिनिटं. एकविसावं पळालीस तर मला कळवू नकोस.

तुझा काका