बिशपचा वाडा पाहण्यासारखा असतो का?

प्रश्न : मुलगी कार्डिफला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. वेल्सच्या पेम्ब्रोकशायर किनाऱ्यावरचे किल्ले पाहायला दोन दिवस ठेवलेत. जावयांनी यादीत दोन ‘बिशपचे वाडे’ही घातलेत. ह्यांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. वाडे गाळले तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. गाळायचाच तर एखादा किल्ला गाळा.

मीही आधी नाक मुरडलं होतं. धर्मगुरूचं घर, त्यात काय पाहायचं? पण मध्ययुगातले सेंट डेव्हिड्स या गावचे बिशप म्हणजे आपल्याकडच्या भाषेत इनामदार-सरदार. १३२८ ते १३४७ या काळात बिशप असलेल्या हेन्री द गोवरने तिथला वाडा असा सजवला, की भिंतींच्या अगदी माथ्यावर कमानींची रांग, आणि जांभळ्या-पिवळसर दगडांचा सोंगट्यांच्या पटासारखा चौकडा. छप्पर मात्र नाही. सोळाव्या शतकातल्या बिशप बार्लोने पाच मुलींच्या हुंड्यासाठी छपरावरचं शिसं विकलं, असं तिथे सांगतात. हुंड्याचं खरंखोटं देव जाणे. पाचही जावई बिशप मिळाले, एवढं खरं!

तिथे गावातून वाड्याशेजारच्या कॅथीड्रलकडे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चकडे, उतरायला एकोणचाळीस पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, चढताना मी तीनदा टेकले. गाडी खालच्या अंगाला, वाड्याजवळ लावायला सांगा.

दुसरा वाडा लॅम्फीचा, पेम्ब्रोकपासून तीनेक किलोमीटरवर. बिशपांचं हे विश्रांतीचं ठिकाण. मासे पाळायला तळी, फळबागा, सगळा थाट. आज पडक्या भिंती आणि सपाट हिरवळ. आम्ही गेलो तेव्हा भिंतीच्या भोकांतून ये-जा करणारे कावळ्यांचे भाऊबंद सोडले तर कुणी नव्हतं. भिंतीला टेकून डब्यातलं थालीपीठ खाल्लं. तुमच्या ह्यांना इथे नक्की आवडेल.

किल्ल्यांत पेम्ब्रोक चुकवू नका. पुढे इंग्लंडचा राजा झालेला सातवा हेन्री १४५७ साली इथे जन्मला. आई मार्गारेट तेव्हा तेरा वर्षांची, आणि नवरा बाळ व्हायच्या आधीच वारलेला. ते वाचून मी त्या बुरुजापाशी बराच वेळ नुसती उभी होते. आत मोकळं सपाट पटांगण आहे, फिरायला त्रास नाही. मात्र किल्ल्याखाली वोगन नावाची नैसर्गिक गुहा आहे, तिथे गोल जिन्याने उतरावं लागतं. ह्यांना वर बाकावर बसवा आणि तुम्ही जाऊन या.

कॅर्यूला किल्ल्याइतकीच भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी पाहा. भरतीचं पाणी बांधाआड अडवायचं, ओहोटी लागली की सोडायचं, त्यावर जातं फिरायचं. खाडीकाठच्या माणसाला हे लगेच उमगतं. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे. यादीत मॅनोर्बिअरचा किल्ला असेल तर तो गाळा. जागा सुंदर आहे, पण दोन दिवसांत किती कोंबणार?

आणि तिकिटांचं. दोन्ही वाडे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या वेल्स सरकारच्या ‘कॅडू’ खात्याकडे आहेत, पेम्ब्रोकचा किल्ला खासगी ट्रस्टकडे, कॅर्यूचा नॅशनल पार्ककडे. आम्ही कॅडूचा पास घेऊन ऐटीत पेम्ब्रोकच्या दारात गेलो आणि मुकाट्याने वेगळं तिकीट काढलं.